बॅटरीची गन आणि मिस्त्रीची नजर

सुपे एमआयडीसीत नवी शेड उभी राहिली की उद्घाटनाला आलेले पाहुणे उंच छत बघतात, गुळगुळीत फरशी बघतात, नवी यंत्रं बघतात. पत्र्यावर पत्रा चढतो ती रेघ, गटाराचा जोड किंवा काँक्रीटच्या दोन भागांत मुद्दाम सोडलेली फट यांच्याकडे कुणी बघत नाही. ती रेघ लोकांना पहिल्यांदा दिसते ती मृगाच्या पहिल्या सरीत, खाली बादली ठेवायची वेळ आल्यावर.

नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, अशा रेघा भरणाऱ्या टोळ्यांबरोबर मी बरीच वर्षं सुपरवायझर म्हणून राबलो आहे. फटीत सीलंट भरायच्या हाताच्या गनचा काळ पाहिला, बॅटरीची गन आली तोही पाहिला. या बदलानं आमच्या कामात नेमकं काय बदललं, हे सांगणारे काही किस्से इथे मांडतो. त्यांतली माणसं खरी आहेत, म्हणूनच त्यांची आणि मालकांची नावं मी घेत नाही.

तीन मीटरचा हिशेब

आधी थोडा हिशेब. वीस मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर खोल फट भरायची, तर सीलंटच्या, म्हणजे आमच्या भाषेत मालाच्या, 600 मिलिलिटरच्या एका सॉसेजमध्ये (पिशवीत) फक्त तीन मीटर रेघ होते. शंभर मीटरच्या जोडाला तेहतिसाच्या वर सॉसेज लागतात, आणि थोडा माल वाया जातोच. तो सगळा माल नोझलच्या बारीक तोंडातून दाबून काढायचा असतो. खिडकीचं सिलिकॉन हलकं असतं, सहज येतं. काँक्रीटच्या जोडात वापरायचं पॉलियुरेथेन मात्र घट्ट असतं.

साध्या हातगनमध्ये बोटांचा जोर बारापट होऊन मालावर पडतो, बऱ्या गनमध्ये अठरापट, जड मालासाठीच्या गनमध्ये सव्वीसपट. पण जोर जितका वाढतो, तितकी एका दाबात दट्ट्याची चाल कमी होते. म्हणजे घट्ट माल काढायला दाब हलका लागतो खरा, पण ट्रिगर जास्त वेळा ओढावा लागतो. संध्याकाळी मिस्त्रींची बोटं अशी आखडायची की चहाचा पेला धरताना हात थरथरायचा. शिवाय प्रत्येक दाबाला माल झटक्यानं येतो, दोन दाबांच्या मध्ये थांबतो. रेघेत गाठी पडतात, आणि गाठीशेजारी पोकळी राहिली की पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

18 व्होल्टची बॅटरी गन शेकडो किलोच्या जोरानं दट्ट्या पुढे सारते आणि तोही एकाच वेगानं. वेग चकतीवर ठरवता येतो. बोट सोडताच दांडा किंचित मागे सरकतो, त्यामुळे नोझलमधून माल ओघळत राहत नाही. हे शेवटचं वैशिष्ट्य कागदावर किरकोळ वाटतं. काचेवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते.

मामांची अट

आमच्या टोळीतले सगळ्यात जुने मिस्त्री पाथर्डीकडचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांचे वडील दगडी बांधकामाच्या दरजा चुन्यानं भरायचे. पहिली बॅटरी गन साइटवर आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं मामा ती बाजूला ठेवतील. त्यांनी ती हातात घेतली, वजन तोललं, चकती फिरवून पाहिली आणि म्हणाले, “सायेब, गन चांगलीय. पण माझी एक अट हाय. फट झाडून, पुसून, रॉड बसवून झाल्याबिगर बॅटरी कुणी लावायची न्हाई. बॅटरी माझ्या खिशात राहील.”

ही अट त्यांनी शेवटपर्यंत पाळली. कारण साधं होतं. हातगनचा त्रास असा की माणूस ती उचलायला टाळाटाळ करायचा, आणि त्या वेळात फट साफ व्हायची. बॅटरी गननं रेघ इतकी झटपट पडते की साफसफाई हाच वेळखाऊ भाग वाटायला लागतो, आणि तोच आधी कापला जातो. धुळीवर भरलेला माल धुळीला चिकटतो, भिंतीला चिकटत नाही.

फोमचा गोल रॉड आत बसवणंही तसंच महत्त्वाचं. तो नुसती जागा भरण्यासाठी नसतो. माल फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटावा आणि तळाला चिकटू नये, यासाठी तो असतो. तळालाही चिकटला तर फट रुंदावताना मालाला मोकळेपणी ताणता येत नाही आणि तो फाटतो. रॉड फटीपेक्षा थोडा जाड घ्यायचा, म्हणजे दाबून घट्ट बसतो. मामा रॉड बसल्यावर बोटानं चाचपून खोली सगळीकडे सारखी आहे का ते बघायचे. मगच खिशातली बॅटरी निघायची.

डिसेंबरची सकाळ, मेची दुपार

नगरची हवा आमच्या धंद्याची परीक्षा घेते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान दहाच्या खाली उतरतं, मे महिन्यात चाळिशी ओलांडते. पारनेरच्या माळावरच्या एका शेडवर थंडीत काम चालू होतं. रात्रभर उघड्यावर राहिलेला माल सकाळी इतका घट्ट झाला होता की हातगनचा दांडा वाकायची वेळ आली. एका तरुण पोरानं बॅटरी गन लावली. गननं पूर्ण जोर लावला आणि सॉसेजची पिशवी मागच्या बाजूनं फुटून माल नळीत पसरला.

मामा त्याच्यावर रागावले नाहीत. नळी साफ करायला लावली आणि उरलेली खोकी सुपरवायझरच्या खोलीत उन्हाच्या बाजूला ठेवायला सांगितली. “जोर हाय म्हणून मालाशी भांडायचं न्हाई,” एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माल रात्रीच खोलीत जाऊ लागला. शेकोटीजवळ मात्र कुणी नेत नसे, कारण डब्यावरच्या सूचना मामा पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे.

मे महिन्यात अडचण उलटी. तापलेल्या पत्र्यावर मालावर लगेच साय धरते आणि रेघ घोटून गुळगुळीत करायला वेळच उरत नाही. पत्रा दुपारी प्रसरण पावलेला असतो, तेव्हा भरलेली फट रात्री उघडते. म्हणून छताचं काम पहाटे उजाडताच सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवायचं. बॅटरीचीही तीच गत. पत्र्यावर ठेवलेली बॅटरी इतकी तापते की चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जच करत नाही. यावर आमच्या पोरांनीच उपाय काढला. बॅटऱ्या खाली सावलीत, पाण्याच्या माठाजवळ कोरड्या फळीवर ठेवायच्या आणि दोरीच्या पिशवीतून एकेक वर पाठवायची.

एक गोष्ट बाहेरच्या कंत्राटदारांच्या पटकन लक्षात येत नाही. सिलिकॉन आणि एकघटकी पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानं पिकतात, उन्हानं वाळत नाहीत. दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत माल पिकतो. नगरच्या उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्यानं हा वेग आणखी मंदावतो. वरून हात लावला तर रेघ पक्की वाटते, पण आत माल ओला असतो.

ताईंची सरळ पट्टी

टोळीत जामखेडच्या एक ताई होत्या. त्यांचं काम फट झाडायचं आणि दोन्ही कडांना मास्किंग टेप लावायचं. हातगनच्या दिवसांत गन बायकांच्या हाती देण्याचा विचारही कुणी केला नव्हता, कारण ते मनगटाच्या जोराचं काम मानलं जायचं. मजुरीचा दरही त्याच हिशेबानं ठरायचा. गन धरणारा मिस्त्री, टेप लावणारी हेल्पर.

एकदा नगर शहरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर एक मिस्त्री आजारी पडला आणि रेघ अर्ध्यावर राहिली. मामांनी ताईंना हाक मारली, बॅटरी लावून गन त्यांच्या हातात दिली. चकती दोनवर ठेवली. ताईंनी पहिल्या हातभर रेघेत वेग ओळखला आणि पुढची सगळी बाजू एका दमात भरली. टेप सोलून काढल्यावर मामा बराच वेळ ती रेघ निरखत राहिले. मग म्हणाले, “ताई, एवढी वर्षं तुम्ही फटीकडं बघत होता, आम्ही गनकडं.”

मला या सगळ्या बदलातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ज्या बाईनं शेकडो फटींच्या कडा रोज जवळून पाहिल्या होत्या, कुठे काँक्रीट भुसभुशीत आहे, कुठे कड तुटली आहे हे जिच्या बोटांना ठाऊक होतं, तिचं कौशल्य केवळ मनगटाच्या जोराअभावी खालच्या दरात मोजलं जात होतं. बॅटरीनं तो जोर पुरवला आणि खरं कसब कुणाकडे होतं ते सगळ्यांना दिसलं.

टाकीच्या आत

पाण्याच्या टाकीचं काम आमच्याकडे सर्वांत जबाबदारीचं मानलं जातं. जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात उन्हाळ्यात टँकर फिरतात. जिल्ह्यातल्याच निळवंडे धरणाची कल्पना 1970 मधली, आणि त्याच्या 85 किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 रोजी. पाण्यासाठी एवढी वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात टाकीच्या जोडातून झिरपणारं पाणी लोकांच्या जिव्हारी लागतं.

अशाच एका गावात जमिनीवरच्या काँक्रीटच्या टाकीचा जोड पाझरत होता. टाकी रिकामी केली, तरी आत ओल होती. इथे बॅटरी गनचा खरा उपयोग कळला. विजेची वायर ओल्या टाकीत न्यावी लागली नाही, हवेच्या कॉम्प्रेसरचा पाइप नको, जनरेटरची गरज नाही. प्रायमरचा वास बंद जागेत कोंडतो आणि माणसाला भोवळ येऊ शकते, म्हणून आत जायच्या आधी हवा खेळती केली. तोंडाशी एक माणूस कायम बसवला, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही असं ठरलं. आत असलेला माणूस दर थोड्या वेळानं हाक देत होता आणि वरचा ओ देत होता.

माल पिण्याच्या पाण्याला चालणाराच वापरायचा, ही अट आम्ही कामाच्या कागदावरच घालून घेतली होती. काम संपलं तेव्हा गावकरी लगेच पाणी भरा म्हणून मागे लागले. त्यांची घाई योग्यच होती, रांगा लागत होत्या. एका आजींनी मामांना सरळ विचारलं, “बाबा, किती दिवस?” मामांनी त्यांना टाकीवर नेलं, बाजूला टाकलेला मालाचा नमुना सुरीनं कापून दाखवला. वरची साय पक्की, आत लोणी. आजींनी बोट लावून पाहिलं आणि खाली जाऊन सगळ्यांना थांबायला सांगितलं. पुढे माल पिकल्यावर टाकी भरली. भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटला पाणी शोषून घ्यायला सात दिवस दिले आणि पुढचे सात दिवस बाहेरची भिंत तपासली. ती कोरडी राहिली.

अंधारात दिसणारी फट

संगमनेर-राहात्याकडचा पट्टा दुधाचा. तिथल्या शीतगृहांच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात, आणि पॅनेलच्या जोडात बारीकशी पोकळी राहिली की बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड भागाला लागून तिचं पाणी होतं आणि पुढे बर्फ. म्हणून बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूची रेघ अखंड असावी लागते. आतून कितीही माल थापला तरी बाहेरची चूक झाकत नाही, कारण ओलावा तोवर पॅनेलच्या पोटात पोचलेला असतो.

अशा एका खोलीत आमच्या आधीच्या टोळीनं भरलेल्या जोडावर पांढऱ्या हिमाची रेघ उमटली होती. कुठे चुकलं ते बाहेरून दिसत नव्हतं. मामांनी खोली गरम होऊ दिली, आतले दिवे बंद केले, आतून सहज उघडता येणारं दार ओढून घेतलं आणि बाहेरून एका पोराला टॉर्च फिरवायला सांगितलं. अंधारात वरच्या कोपऱ्यात सुईएवढा उजेड चमकला. तीच जागा. तिथे शिडीवर उभं राहून हातगन चालवणाऱ्याचा हात पुरला नसणार. एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं बॅटरी गन चालवता येते, हा फायदा त्या कोपऱ्यात लाखमोलाचा ठरला.

शिर्डीतली काच

शिर्डीत रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला गर्दी उसळते, त्यामुळे तिथल्या बहुतेक इमारतींच्या कामाची मुदत या तीन सणांवर ठरते. एका हॉटेलच्या दर्शनी काचा रामनवमीच्या आधी पूर्ण करायच्या होत्या. काचांमधल्या फटी भरायचं काम झुल्यावरून. टोळी दुसऱ्या शहरातून आलेली, गन उत्तम, हात सफाईदार. रेघ इतकी सुबक की मालक खूश.

मला आणि मामांना फक्त तपासणीसाठी बोलावलं होतं. मामांनी पिकलेल्या रेघेत सुरी घालून बोटभर पट्टी सोडवली आणि काटकोनात ओढली. नियम असा, की चिकटलेला माल स्वतः फाटला पाहिजे, काचेवरून किंवा अॅल्युमिनियमवरून सुटायला नको. पट्टी अॅल्युमिनियमवरून सालीसारखी अख्खी निघून आली.

कारण शोधलं तर ते पुसण्यात सापडलं. द्रावकाच्या फडक्यानं पुसल्यावर तो उडून जायच्या आत कोरड्या फडक्यानं लगेच टिपायचं असतं. नाहीतर विरघळलेला तेलकटपणा पुन्हा तिथेच बसतो. त्या टोळीनं एकच फडकं वापरलं होतं. मालकांना वाटलं, दिसायला चांगलं आहे, सण झाल्यावर बघू. मामा म्हणाले, “दादा, खाली भक्त चालणारेत.” पुढे वाद झाला नाही. ती बाजू पूर्ण कापून काढली, दोन फडक्यांनी पुसली आणि पुन्हा भरली. सणापर्यंत अर्धीच झाली. उरलेल्या भागाखाली रस्ता अडवून ठेवला.

धरणानं शिकवलेलं

नगर जिल्ह्याला जोड भरण्याचा जुना वारसा आहे. निजामशाहीत शहराला आणि बागांना आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणलं होतं, फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभारला होता. जमिनीखालच्या त्या नळांचा प्रत्येक सांधा कुणीतरी हातानं भरला होता.

अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याचं दगडी धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. उंची 82 मीटरच्या वर. मामांचे वडील त्याच्या दरजांबद्दल बोलायचे ते आदरानं. पण 1969 मध्ये त्याच धरणाला तडे गेल्याचं लक्षात आलं आणि मागच्या बाजूनं बट्रेसचे टेकू देऊन ते मजबूत करावं लागलं. पुढे त्याच तालुक्यात घाटघरला 250 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प झाला, तिथली धरणं रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची, आणि या तंत्राची ती भारतातली पहिली. त्यात ठरावीक अंतरावर जोड मुद्दाम ठेवलेले असतात आणि जोडात पाणी अडवणारी लवचीक पट्टी बसवलेली असते.

मोठं बांधकाम हलतं, हा त्यामागचा धडा आहे. दहा मीटर काँक्रीट तीस अंशांच्या फरकानं साधारण तीन मिलिमीटर वाढतं किंवा आक्रसतं. पंचवीस टक्के ताण झेलणारा माल असेल, तर तेवढ्या हालचालीला निदान बारा मिलिमीटरची फट हवी. आमच्याकडे गच्चीच्या अशा फटी गवंडी सिमेंटनं बुजवतात, पुढच्या उन्हाळ्यात कडा फुटतात आणि मग ‘माल खराब होता’ असं म्हणतात. जोराची गन मिळाल्यावर हा मोह आणखी वाढतो. पण फट अरुंद असेल तर कितीही जोरानं माल कोंबला तरी तो ताण झेलणार नाही. ती आधी कापून रुंद करावी लागते.

नाव कुणाचं

आता जिल्ह्यातल्या लहान गावांतही फॅब्रिकेटरकडे बॅटरी गन दिसते. ती घ्यावी, असंच मी सांगेन. घेताना दोन बॅटऱ्या घ्याव्यात, 600 मिलिलिटरची नळी घ्यावी, वेगाची चकती आणि दांडा मागे घेण्याची सोय तपासावी. पण त्याच्या आधी टोळीत फट कोण साफ करतं, टेप कोण लावतं, रॉड कोण बसवतं हे बघावं, आणि त्या हातांना मिस्त्रीच्या बरोबरीचा दर द्यावा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मालकाकडे मागतो. काम ताब्यात घेताना कागदावर कंत्राटदाराचा शिक्का असतो, मालाचा बॅच नंबर कधी असतो, कधी नसतो. रेघ भरणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. कोणत्या तारखेला, किती तापमानात, कोणत्या मालानं, कुणी साफ केली आणि कुणी भरली, एवढी नोंद प्रत्येक जोडासाठी असावी. ती ठेवायला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही. वर्षांनी गळती झाली तर कारण सापडेल, आणि गळती झाली नाही तर ते कुणाचं काम आहे हेही कळेल. आमच्या टोळीच्या वहीत मामांचं नाव आहे आणि त्याखालच्या पानांवर ताईंचं. तशी वही प्रत्येक साइटवर असायला हवी.